बोलकी बाहुली आणि अबोल मूल

गणेशपुरीत आमच्या शेजारी तिसरीत शिकणारी एक मुलगी आहे. घरात आगरी बोलणारी, शाळेत मराठी शिकणारी. गेल्या पावसाळ्यात ती ओट्यावर बसून मोबाईलमधल्या एका बाहुलीबरोबर गोष्ट वाचत होती. पडद्यावर गोष्टीतलं एकेक वाक्य यायचं आणि कोपऱ्यात एक हसऱ्या चेहऱ्याची ताई उभी असायची. मुलीनं वाक्य मोठ्यानं वाचायचं. बरोबर आलं की ताई टाळ्या वाजवणार, चुकलं की गोड आवाजात सांगणार, ‘पुन्हा प्रयत्न कर!’ गोष्टीत एक तळं होतं आणि तळ्यात पाणी होतं. मुलगी ‘तळं’चं ‘तलं’ म्हणाली आणि ‘पाणी’चं ‘पानी’. ताई म्हणाली, पुन्हा प्रयत्न कर. पुन्हा ‘पानी’. पुन्हा प्रयत्न कर. तिसऱ्या वेळी मुलीचा आवाज खाली गेला. चौथ्या वेळी तिनं एक युक्ती शोधून काढली. शब्दावर बोट ठेवलं की बाहुली तो शब्द स्वतःच म्हणून दाखवते आणि गोष्ट पुढे सरकते, हे तिच्या ध्यानात आलं. मग काय, ती एकेका शब्दावर बोट ठेवत गेली आणि बाहुलीनं सगळी गोष्ट वाचून टाकली. शेवटी टाळ्या वाजल्या, चांदण्या मिळाल्या. मुलीच्या तोंडून मात्र एक शब्द निघाला नव्हता.

हे पाहिल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळतो आहे. इंटरनेटवरच्या या बोलक्या बाहुल्या आता भाषा शिकवू लागल्या आहेत. त्यांच्याकडून भाषा येते का? येत असेल तर कुणाला, कशी आणि कोणती? आज त्याबद्दलच थोडं बोलू या.

या बाहुल्यांना जगभर ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपलाच. अवतरणे म्हणजे खाली उतरणे. आपल्याकडे देव अवतार घेतात, आणि पोरगं चिखलात लोळून आलं की आई विचारते, ‘हा काय अवतार?’ संगणकाच्या पडद्यावर आपल्या वतीनं वावरणारी आकृती या अर्थानं हा शब्द १९८६च्या ‘हॅबिटॅट’ या खेळात वापरला गेला, आणि १९९२ साली आलेल्या नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीनं तो सर्वदूर नेला. संस्कृतातून निघालेला शब्द असा सातासमुद्रापार जाऊन मोबाईलच्या वाटेनं आपल्या ओट्यावर परत आला.

पण कल्पना आपल्याला नवी नाही. प्रा. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव आणि पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी केलेले बोलक्या बाहुल्यांचे खेळ महाराष्ट्रानं डोळे भरून पाहिले आहेत. १९९३च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू तर पोरासोरांना पाठ. या कलेला आपण शब्दभ्रम म्हणतो. आवाज माणसाचा, तोंड बाहुलीचं. आणि आपल्याला ठाऊक असूनही आपण बाहुलीकडेच बघतो, माणसाकडे नाही. आजच्या मोबाईलमधल्या बाहुलीकडे पाहतानाही हाच प्रश्न विचारायचा असतो, की हिच्या मागे आवाज कुणाचा आहे?

या बाहुल्यांच्या ढोबळ मानानं तीन पिढ्या सांगता येतील. पहिल्या पिढीतली बाहुली फक्त बोलायची, ऐकायची नाही. ‘वोकी’ हे तिचं प्रसिद्ध उदाहरण. शिक्षकानं किंवा मुलानं एक चेहरा निवडायचा, मजकूर टाईप करायचा किंवा स्वतःचा आवाज भरायचा, की तो चेहरा ओठ हलवून बोलू लागायचा. दुसऱ्या पिढीतली बाहुली ऐकू लागली. मार्च २०१९ मध्ये गूगलनं भारतात ‘बोलो’ नावाचं वाचनाचं ॲप आणलं. त्यात ‘दिया’ नावाची बाहुली मुलाचं वाचन ऐकते, अडलं तर मदत करते, बरोबर आलं तर शाबासकी देते. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजी होती. नंतर मराठी, उर्दू, बंगाली, तमिळ, तेलुगू या भाषा आल्या, आणि २०२० मध्ये त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं. तिसऱ्या पिढीतल्या आवाजांशी आणि चेहऱ्यांशी चक्क गप्पा मारता येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘ड्युओलिंगो’नं आपल्या लिली नावाच्या पात्राशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची सोय जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलनं ‘जेमिनी लाइव्ह’ या आपल्या बोलत्या मदतनिसाला मराठीसह नऊ भारतीय भाषा दिल्या. त्याला चेहरा नाही, नुसता आवाज आहे. पण तुम्ही विचारा, तो उत्तर देणार.

आत नेमकं काय चालतं? समजायला अवघड नाही. आधी मुलाच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, आणि यंत्र अंदाज बांधतं, की हा ‘पा’ असावा, हा ‘णी’ असावा. हा अंदाज कशाच्या जोरावर? यंत्राला आधी ऐकवलेल्या हजारो माणसांच्या बोलण्याच्या जोरावर. वाचनाच्या ॲपमध्ये पुढचा शब्द कोणता हे आधीच माहीत असतं, त्यामुळे तुलना सोपी. गप्पा मारणाऱ्या यंत्रात मात्र आलेल्या वाक्याला साजेसं उत्तर दुसरा एक भाग जुळवतो. मग त्या उत्तराचा आवाज तयार होतो. शेवटी चेहऱ्याची पाळी. प्रत्येक ध्वनीसाठी ओठांचा आणि जबड्याचा एक आकार ठरलेला असतो, आणि आवाजाबरोबर ते आकार एकापाठोपाठ एक दाखवले जातात.

आता कुणी म्हणेल, चेहरा हवाच कशाला? मी रेडिओवर बोलतो आहे, माझा चेहरा दिसत नाही, तरी माझं बोलणं कळतंच आहे. बीबीसीनं तर १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवलं. खरं आहे. पण परकी भाषा शिकताना डोळेही ऐकण्याचं काम करतात. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज ‘बा’चा लावायचा आणि पडद्यावरच्या माणसाचे ओठ ‘गा’ म्हणताना दाखवायचे. बघणाऱ्यांपैकी पुष्कळांना ना ‘बा’ ऐकू आला, ना ‘गा’. त्यांना ऐकू आला ‘दा’! डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. म्हणजे कान आणि डोळे मिळून शब्द तयार करतात. म्हणूनच बाहुलीचे ओठ नीट हलले तर शिकणाऱ्याला आधार मिळतो, आणि चुकीचे हलले तर फसगत होते.

मात्र ओठांनाही मर्यादा आहेत. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ हे तीन शब्द म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. फरक आहे तो आत, कंठात आणि नाकात. आपला ‘ळ’ तर त्याहून लपलेला. जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं, हे सगळं दातांच्या आड होतं. बाहुली कितीही सुंदर हसली तरी तिच्या तोंडात जीभ कुठे आहे ते दिसत नाही. अमेरिकेत सँटा क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉमिनिक मॅसॅरो यांनी १९९०च्या दशकात ‘बाल्डी’ नावाचं बोलणारं डोकं तयार केलं होतं. त्याची कातडी पारदर्शक करता यायची, त्यामुळे आतली जीभ कशी हलते ते दिसायचं. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या एका शाळेत, कमी ऐकू येणाऱ्या मुलांना शब्द आणि उच्चार शिकवायला ते वापरलं गेलं. बोलक्या बाहुलीचा हा मला फार मोलाचा उपयोग वाटतो. जे माणसाच्या चेहऱ्यावर दिसू शकत नाही, ते तिनं दाखवावं.

मराठीच्या लिपीतही बाहुलीला चकवणाऱ्या जागा आहेत. ‘हे जग सुंदर आहे, भरभरून जग.’ लिहिताना दोन्ही ‘जग’ सारखे, पण बोलताना पहिला ‘ज’ ‘जीवन’मधला आणि दुसरा ‘जहाज’मधला. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ यांतल्या ‘च’चं तसंच. लिपी हा फरक दाखवत नाही. अर्थ कळला तरच उच्चार कळतो. आमच्या भिवंडीत उर्दू बोलणाऱ्या घरातही चमचा असतो आणि मराठी बोलणाऱ्या घरातही. चमचा तोच, आमटीही एखाद वेळी तीच, पण दोन घरांतला ‘च’ वेगळा. शब्द ओळखीचा असला की हा फरक कानाला जाणवतच नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं आपल्याच ‘च’नं दुसऱ्याचा चमचा मागत राहतो.

आता मूळ प्रश्न. यातून भाषा येते का? २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसली, त्यांच्याशी खेळली, गोष्टी वाचल्या. काही बाळांना तेच सगळं दूरदर्शन संचावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. बारा बैठकांनंतर, माणसांबरोबर खेळलेली बाळं चिनीतले खास ध्वनी ओळखू लागली होती. पडद्यासमोरच्या बाळांना त्यातलं काहीच आलं नव्हतं. आवाज तोच, भाषा तीच, वेळही तितकाच. कमी होता तो माणूस.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात चोवीस ते तीस महिन्यांची मुलं घेतली होती. नुसती चित्रफीत पाहून ती नवी क्रियापदं शिकली नाहीत. समोर बसलेल्या माणसाकडून शिकली. आणि व्हिडिओ कॉलवर जिवंत बोलणाऱ्या माणसाकडूनही शिकली! म्हणजे अडसर पडद्याचा नव्हता. मुलानं मान हलवली की समोरून हूं यायला हवं, मुलानं बोट दाखवलं की समोरच्यानं तिकडे बघायला हवं. भाषा शिकायला प्रतिसाद लागतो.

हे आमच्या गणेशपुरीला शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नव्हती. तानसा नदीच्या खोऱ्यातलं हे लहानसं गाव. गरम पाण्याची कुंडं, भीमेश्वराचं देऊळ आणि १९६१ साली समाधिस्थ झालेले नित्यानंद स्वामी यांच्यामुळे ओळखलं जाणारं. नित्यानंद स्वामी फार थोडं बोलत असं जुनी माणसं सांगतात. पुढे सत्तरच्या दशकात स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमात अमेरिकेतून, युरोपातून, ऑस्ट्रेलियातून माणसं येऊ लागली, आणि फुलं-नारळ विकणारी, चहा करणारी गावातली माणसं त्यांच्याशी व्यवहार करता करता कामापुरतं इंग्रजी बोलू लागली. पुस्तक नाही, वर्ग नाही. समोरच्याला केळी हवीत आणि मला केळी विकायची आहेत, एवढी गरज पुरली. नव्या पिढीतली ऐकणारी बाहुली या बाबतीत जुन्या चित्रफितीपेक्षा नक्कीच पुढे आहे, कारण ती उत्तर देते. ‘बोलो’ची उत्तर प्रदेशातल्या सुमारे दोनशे गावांत चाचणी झाली, तेव्हा तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारल्याचं गूगलनं जाहीर केलं होतं. आकडा कंपनीनं स्वतः सांगितलेला आहे हे लक्षात ठेवूनही, दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

बाहुलीचा सगळ्यात मोठा गुण मात्र वेगळाच आहे. ती हसत नाही. याचं मोल मला ठाऊक आहे. माझ्या घरात उर्दू. उर्दूत ‘ळ’ही नाही आणि ‘ण’ही नाही. लहानपणी मराठी शाळेत गेलो, आणि एकदा तास संपल्याची घंटा व्हायच्या आधी उत्साहानं ओरडलो, ‘गुरुजी, वेल झाली!’ वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, ‘कसली वेल? काकडीची की दुधीची?’ त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण पुढचं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. ज्या वाक्यात ‘ळ’ येईल ते वाक्यच टाळायचं, ही कला मी तेव्हा शिकलो. ‘ळ’ मला दिला तो शेजारच्या एका आजींनी. भाकरी थापता थापता त्या सांगायच्या, ‘जीभ उलटी कर, टाळूला लाव, आता सोड.’ आणि त्यांनीच एक वाक्य जुळवून दिलं होतं, ‘काळ्या तळ्यात पिवळी मासोळी वळवळली.’ माझी मासोळी पन्नासदा ‘मासोली’ झाली असेल. आजींना घाई नव्हती, त्यांना भाकऱ्या करायच्याच होत्या.

स्टीफन क्रॅशन या भाषाशिक्षणतज्ज्ञानं १९८०च्या दशकात हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. भीती आणि लाज मनात असली की भाषा आत येण्याच्या वाटेवर जणू एक गाळणी बसते. शब्द कानावर पडतात, आत उतरत नाहीत. भिवंडीत यंत्रमागावर काम करायला उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला माणूस, तेलंगणातून आलेलं पद्मशाली कुटुंब, बदलून आलेला बँकेतला अधिकारी, या सगळ्यांना मराठी बोलायची असते आणि सगळ्यांना हसं होण्याची भीती असते. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं, अमराठी माणसांसाठी ‘मायमराठी’ हा प्रकल्प केला आहे, तो याच गरजेतून. अशा माणसाला रात्री दार लावून न हसणाऱ्या बाहुलीशी अर्धा तास बोलता आलं, तर ती त्या आजींचं निम्मं काम करते. निम्मंच.

उरलेल्या निम्म्यात अडचणी आहेत, आणि त्या खास मराठीच्या आहेत. एक सांगतो. तेलंगणातून आलेल्या एका गृहस्थांनी बाईच्या आवाजात बोलणाऱ्या बाहुलीकडून मराठी शिकायला घेतली. बाहुली म्हणे तसं ते म्हणत गेले. पंधरा दिवसांनी मला भेटले आणि आत्मविश्वासानं म्हणाले, ‘मी उद्या येते.’ त्यांच्या तेलुगूत ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ असा फरक नाही, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. समोर माणूस असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, ‘अहो, येते नाही, येतो!’ दुसरी अडचण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची. बाहुली सगळ्यांना अतिआदरानं बोलते. तिच्याकडे शिकलेला माणूस वज्रेश्वरीच्या बाजारात भाजीवालीला विचारतो, ‘आपण मला अर्धा किलो भेंडी देऊ शकाल का?’ भाजीवाली आधी भेंडीकडे बघते, मग त्याच्याकडे. आई ‘तू’ का असते आणि सासरे ‘तुम्ही’ का, हे व्याकरणातून कळत नाही. चार घरी चहा प्यावा लागतो.

पण सगळ्यात खोल अडचण आमच्या ओट्यावरची. ‘पानी’ ही चूक आहे का? उत्तर कोकणातल्या आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, तो पिढ्यान् पिढ्यांचा नियम आहे. त्या मुलीची आजी ‘पानी’ म्हणते, बाप ‘पानी’ म्हणतो. बाहुलीला पुस्तकातला शब्द आणि कानावर आलेला शब्द जुळवायला सांगितलंय. तो जुळला नाही, म्हणून ती ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणते. तिचा त्यात दोष नाही. पण मुलीनं काय ऐकलं? तू चुकलीस, असं नाही. तिनं ऐकलं, तुझं घर चुकलंय. शाळेतली बाई हे सांभाळून घेऊ शकते. ‘घरी पानी, पुस्तकात पाणी, दोन्ही आपलंच’ असं एका वाक्यात सांगू शकते. बाहुलीच्या मागे ज्यांचे आवाज आहेत त्यांत त्या मुलीच्या आजीचा आवाज असेल, तरच बाहुलीला हे कळेल.

असे आवाज गोळा करण्याची कामं सुरू आहेत, हे सांगितलं पाहिजे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ नावाचा उपक्रम आहे. त्यात कुणीही आपल्या भाषेतली वाक्यं बोलून आवाज दान करू शकतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि संकेतस्थळावर ठेवलं आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप प्राथमिक स्वरूपात आणलं. त्याची सुरुवात संताळी, मुंडारी, भिली आणि गोंडी या चार भाषांपासून झाली. यातल्या भिली आणि गोंडी आपल्या नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत बोलल्या जातात. आमच्या भागातल्या वारली, कातकरी या बोली त्या पहिल्या चारांत नव्हत्या. आगरीला तर आपण ‘मराठीच की’ म्हणून सोडून देतो.

तोपर्यंत काय करायचं? मला सुचलेला उपाय जुना आहे. तो पहिल्या पिढीच्या बाहुलीत आहे, जिच्या तोंडात आपण आपला आवाज भरू शकतो. त्या मुलीला मी विचारलं, ‘बाहुलीनं तुला गोष्ट सांगितली. आता तू बाहुलीला सांगतेस का?’ पडद्यावर चेहऱ्यांची रांग होती. तिनं राजकन्या सोडून बेडूक निवडला. आणि बेडकाच्या तोंडून ती सांगू लागली, पहिल्या पावसानंतर रात्री बत्ती घेऊन खेकडे कसे पकडायचे. सगळं आगरीत. स्वतःचा आवाज बेडकाच्या तोंडून ऐकला आणि ती लाजली, मग म्हणाली, पुन्हा. या वेळी ‘पुन्हा’ ती स्वतः म्हणाली होती. सात वेळा तिनं तो आवाज भरला. दर वेळी गोष्ट लांबत गेली, खेकडे वाढत गेले, नांग्या मोठ्या होत गेल्या. चेहरा बेडकाचा असल्यामुळे चुकण्याची लाजही बेडकाची.

मग मी म्हटलं, आता हा बेडूक तुझ्या शाळेत जाणार आहे, बाईंना हीच गोष्ट सांगणार आहे. ती विचारात पडली आणि मला म्हणाली, ‘शालेन बेडूक पानी बोलंल का पाणी?’

हा प्रश्न विचारताना तिनं ‘पाणी’तला ‘ण’ अगदी स्वच्छ उच्चारला होता. तिच्या जिभेत काही उणं नव्हतंच. कुठे काय बोलायचं हे ठरवण्याचा अधिकार तिला हवा होता, आणि तो बेडकाला मिळाल्यावर तिला मिळाला. पैठणला ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले ही कथा आपण सगळे जाणतो. ज्याला बोलण्याचा अधिकारच नाही असं मानलं गेलं, त्याच्या तोंडून वाणी प्रकट झाली, म्हणून ती कथा आपल्याला इतकी जवळची वाटते.

हाच उपाय दूरदेशीच्या मराठी घरांनाही लागू पडेल. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, मुलं शनिवारी-रविवारी मराठी शिकतात. तरीही पुण्याच्या आजीचा फोन आला की आजी मराठीत विचारते आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो, असं पुष्कळ घरांत चालतं. नातवाला मराठी कळते. त्याला त्याच्या मोडक्या मराठीची लाज वाटते. त्याला म्हणावं, तुझा दिवस कसा गेला ते एखाद्या वाघाच्या तोंडून आजीला सांग. आजीनं चिमणीच्या तोंडून उत्तर पाठवावं. चुका होतील. वाघाच्या होतील.

शिक्षकांना आणि पालकांना दोन-चार साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बाहुलीसमोर मुलाला एकटं सोडू नका, शेजारी बसा. निदान येता-जाता हूं म्हणा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. उच्चाराच्या सरावासाठी बाहुली चांगली, पण गुण आणि चांदण्या यांवरून मुलाची परीक्षा करू नका. चांदण्या कशा मिळतात हे मुलांना आपल्याआधी कळतं. वर्गात एकच मोबाईल असला तरी चालतं. सगळ्या वर्गाची मिळून एक बाहुली करा, आणि प्रत्येकानं तिच्या तोंडी एकेक वाक्य घाला. मोठ्या माणसांनी बाहुलीशी जे बोललात ते दुसऱ्या दिवशी भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी बोलून पाहा. खरी परीक्षा तिथेच. आणि मुलाचा आवाज इंटरनेटवर ठेवण्याआधी आईवडिलांना विचारा. त्यात मुलाचं नाव, शाळेचं नाव, घरचा पत्ता येऊ देऊ नका.

‘अवतार’ या शब्दाचा एक भाऊ आपल्या व्याकरणात आहे, अवतरणचिन्ह. दुसऱ्याचं बोलणं आपल्या लिखाणात उतरवायचं असलं की आपण ते या चिन्हात ठेवतो. बाहुलीचं सगळं बोलणं मला असं अवतरणचिन्हातलं वाटतं; ते कुणाचं तरी, कुठून तरी उतरवून आणलेलं असतं. भाषा शिकताना आपण सगळेच काही दिवस अवतरणचिन्हात बोलतो. आजींनी दिलेलं मासोळीचं वाक्य मीही तसंच बोलत होतो. एक दिवस ती चिन्हं गळून पडली आणि ‘ळ’ माझा झाला. आज मी कविता मराठीत लिहितो.

तेव्हा बाहुलीला घाबरू नका आणि तिच्यावर विसंबूनही राहू नका. मुलाच्या हाती ती जरूर द्या. फक्त संध्याकाळी त्याला ‘आज बाहुलीनं काय शिकवलं?’ असं विचारू नका. ‘आज तू बाहुलीच्या तोंडून काय वदवलंस?’ असं विचारा, आणि उत्तर ज्या बोलीत येईल त्या बोलीत ऐकून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)